वाजवणाऱ्यांचे देणे

गुरूचे ऋण मानायला आपल्याकडे बरीच सोय आहे. गुरुपौर्णिमा आहे, नाव घेताना कानाची पाळी धरायची रीत आहे, मंचावर तसबीर आणि हार आहे. संगीत रचणाऱ्याचे अर्धे देणे मात्र वेगळ्याच लोकांचे असते आणि त्यांच्यासाठी यातले काहीच नाही. त्याची पहिली, कच्ची, कुणीही न मागितलेली पाने ज्यांनी समोर ठेवून वाजवली, ते हे लोक. गाणारा एकटा रियाज करतो, तबलजी भिंतीकडे तोंड करून कायदा घोटतो. आठ व्हायोलिनांसाठी लिहिलेले मात्र आठ व्हायोलिने समोर बसल्याशिवाय कळत नाही, आणि ती आठ माणसे कुणीतरी द्यावी लागतात. मला ती मिळत गेली. ज्यांनी दिली त्यांची नावे कुठल्या कॅसेटवर आली नाहीत, कुठल्या नाटकाच्या जाहिरातीत आली नाहीत. त्यातले जे हयात आहेत त्यांना नाव छापून आलेले आवडणार नाही, म्हणून इथेही ती देत नाही.

माझे गाव दुसरबीड. बुलढाणा जिल्हा, सिंदखेडराजा तालुका, मेहकरहून जालन्याला जाणाऱ्या रस्त्यावर. विदर्भ तिथे संपत आलेला असतो आणि मराठवाडा नीट सुरू झालेला नसतो. बोलीही तशीच, एकाच वाक्यात ‘मले’ आणि ‘मला’ दोन्ही येतात. वडिलांचे रस्त्याला लागून शिवणकामाचे दुकान होते. पायजमे, शाळेचे गणवेश, दिवाळीत पोरांचे कपडे, आणि लग्नसराईच्या तोंडावर बँड पार्टीचे कोट. लाल कापड, खांद्यावर झालरी, छातीवर सोनेरी पट्ट्या. कोट न्यायला बँडचे मास्तर स्वतः यायचे. निम्मे पैसे देत, उरलेले वहीत जात. सराई सरली की मास्तरांकडेही पैसे नसत आणि पुढच्या सराईला नवे कोट हवेच असत. ती बाकी वडिलांच्या वहीत वर्षानुवर्षे पुढच्या पानावर सरकत राहिली. शेवटी मास्तरांनीच तोड काढली. ‘‘पोट्ट्याले पाठवत जा संध्याकाळी. पैशाचं नाही जमत, त्याले वाजवणं शिकवतो.’’ वडिलांना संगीतात रस नव्हता, पण हिशेबात होता. ते कबूल झाले. माझे शिक्षण अशा रीतीने बुडीत उधारीत सुरू झाले.

मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. पोलीस बँडमधून निवृत्त झालेल्या एका माणसाकडे ते तरुणपणी शिकले होते, म्हणून त्यांना पाच रेघांवरचे नोटेशन थोडेफार येत असे. बाकीच्या पार्टीला येत नसे. त्यांच्यासाठी मास्तर वहीत सारेगम लिहीत. पार्टीत दोन क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, एक युफोनियम, साइड ड्रम, मोठा ढोल, झांज आणि खुळखुळे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पेटीसमोर बसवले आणि एक गोष्ट शिकवली. तिच्यावर मी अजून पोट भरतो. क्लॅरिनेटवाला आपल्या कागदावरचा पहिला सा वाजवतो तेव्हा पेटीवर काळी पाच वाजते. ट्रम्पेटचेही तेच. म्हणजे गाणे पांढरी एकमध्ये असेल तर क्लॅरिनेटच्या कागदावर ते एक पूर्ण स्वर वर चढवून लिहायचे. पुढे मुंबईत मला भेटलेल्या, जाड पुस्तकातून हे शिकलेल्या कित्येकांना दर वेळी बोटांवर मोजावे लागे. मला ते पाढ्यांच्या वयात पाठ झाले होते. बँडवाले काळी पाच आणि काळी दोनमध्ये रमतात, शार्पवाल्या पट्ट्यांकडे नाखुशीने जातात, त्याचे कारणही हेच. त्यांची वाद्ये त्या स्वरांवर बेतलेली असतात.

चातुर्मासात लग्ने नसतात. पार्टीतली माणसे कापसाच्या, तुरीच्या रानात असत. पण आखाडातल्या एखाद्या पावसाळी संध्याकाळी मास्तर सगळ्यांना जमवत आणि येत्या सराईची गाणी बसवत. अशाच एका संध्याकाळी त्यांनी माझी वही घेतली. तिच्यात मी केरव्यातली एक चाल लिहिली होती, कुठल्या सिनेमातली नव्हे, माझी. मास्तरांनी ती वाचली, काही बोलले नाहीत, आणि युफोनियमवाल्याला त्याचा भाग गुणगुणून सांगितला. तो माणूस दिवसभर वखर हाकून आला होता. एक ओळ वाजवून थांबला आणि म्हणाला, ‘‘याच्यात दम घ्याले जागा कुठं हाय?’’ मग कुणाला न विचारता त्याने तिसऱ्या मात्रेवरचा स्वर गाळून टाकला आणि पुन्हा सुरुवात केली. तिथे भोक पडले. त्या भोकातून क्लॅरिनेट वर आले, ढोलाचा ठोका मोकळा झाला, आणि चालीला एक लचक आली. तिचा मी विचारही केला नव्हता. माझ्या चालींमध्ये तिसऱ्या मात्रेवर मंद्र स्वर गप्प बसतो, ही माझी ‘शैली’ आहे असे एका समीक्षकाने पुढे लिहिले. ती दुसरबीडच्या शिवारातल्या एका थकलेल्या माणसाची आहे.

१२ जानेवारीला, जिजाऊ जन्मोत्सवाला, पार्टी सिंदखेडराजाला जाई. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यासमोर तेव्हा इतकी पथके एकदम वाजत असत की ऐकायचे कुठले ते कळू नये. मास्तर मला वाड्याच्या दगडी भिंतीशी उभे करत आणि विचारत, आता काय ऐकू येते? भिंतीवर आपटून येणारा ट्रम्पेट वेगळा, समोरून येणारा वेगळा. वाद्याचा आवाज वाद्यातून निघतो, हे अर्धेच खरे आहे. उरलेला जागेतून निघतो.

घरी रेडिओ होता. औरंगाबाद लागे, जळगाव लागे, हवा बरी असेल तर पुणेही. रामनवमीच्या सुमारास गीतरामायण ऐकू येई. गदिमांचे शब्द आणि बाबूजींचा आवाज सगळ्यांनाच माहीत. मी त्यातल्या व्हायोलिनच्या मागे लागलो होतो. तो हात प्रभाकर जोगांचा, हे फार पुढे समजले. १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक नवे गाणे, असे वर्षभर, एकूण ५६ गाणी. कवीकडून शब्द आले की चाल लागणार, चाल लागली की ती वादकांपर्यंत जाणार आणि लगेच प्रक्षेपण. त्या घाईत व्हायोलिन घेऊन बसलेला जेमतेम विशी ओलांडलेला मुलगा काय काय शिकला असेल, याचा हिशेब मी अनेकदा करून पाहिला आहे. चाल कशी सुचते हे तिथे दिसत नाही. सुचलेल्या चालीचे शब्दाखातर काय होते, दोन कडव्यांमधली जागा किती भरायची आणि कुठे हात आखडता घ्यायचा, ते दिसते. जोग पुढे स्वतः संगीतकार झाले. मालती पांडे यांच्या आवाजातले हिरव्या चाफ्याचे ते गाणे त्यांचेच. त्यातले व्हायोलिन आवाजाच्या किती मागे उभे आहे ते ऐका. हा संयम बाबूजींच्या शेजारी बसून आलेला आहे, असे मला वाटते.

आपल्याकडे संगीतकार असेच घडले. प्रभातमध्ये वसंत देसाई पडेल ते काम करत होते आणि गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव यांचे काम जवळून बघत होते. शांतारामांच्या ‘शकुंतला’ला (१९४३) संगीत देईपर्यंत त्यांच्या कानावरून किती तालमी गेल्या असतील! लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल शर्मा लहानपणी भेटले ते मंगेशकर कुटुंबाच्या सुरील बाल कला केंद्रात, म्हणजे पोरांच्याच वाद्यमेळात. एक मेंडोलिनवर, दुसरा व्हायोलिनवर. नंतर कित्येक वर्षे ते इतरांच्या ध्वनिमुद्रणात वाजवत राहिले, कल्याणजी-आनंदजींचे सहायक झाले, आणि १९६३ साली ‘पारसमणी’ आला तेव्हा वादकांच्या रांगेतला जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांना बसायच्या ढबीवरून ओळखू येत असणार. दिल्लीत आकाशवाणीने १९५२ साली वाद्यवृंद उभा केला, पंडित रविशंकर त्याचे प्रमुख झाले. काही वर्षांनी पन्नालाल घोष आले. सरकारी पगारावर रोज हजर असलेले वादक रविशंकरांना मिळाले. १९७१ साली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी स्वतःचा सतारीचा कॉन्चेर्टो वाजवला, त्याची पूर्वतयारी दिल्लीच्या त्या स्टुडिओत झाली होती, असे मी मानतो. संगीतशास्त्राच्या पंडितांना हे पटेल न पटेल.

मी मुंबईला गेलो तेव्हा समृद्धी महामार्ग कुणाच्या स्वप्नातही नव्हता. एसटीने जालना, तिथून रात्रीची देवगिरी, सकाळी दादर. एका अरेंजरच्या घरी मला पार्ट उतरवण्याचे काम मिळाले. अरेंजर सगळ्या वाद्यांचे मिळून एक मोठे पान लिहितो. त्यातून पहिल्या व्हायोलिनचे वेगळे, दुसऱ्याचे वेगळे, व्हिओलाचे वेगळे, अशी पाने स्वच्छ हाताने काढायची. पानाला ठरलेले पैसे. हे काम कारकुनी समजले जाते. मला तर वाटते की प्रत्येक नव्या संगीतकाराला वर्षभर तिथेच बसवावे. सबंध गाण्यात व्हिओलावाला काय करतो हे ऐकून समजत नाही, उतरवताना समजते. ओळीच्या ओळी एकच लांब स्वर, मग चार मात्रा मोकळ्या, मग पुन्हा लांब स्वर. मी एकदा एका व्हिओलावाल्यांना विचारले, कंटाळा येत नाही का? ते म्हणाले, ‘‘आम्ही नसलो की कळतं.’’ तेव्हापासून मी व्हिओलाला निदान एक तरी ओळ अशी देतो की संध्याकाळी घरी जाताना तो गुणगुणेल.

तो काळ त्या माणसांसाठी उतरणीचा होता. नव्वदीत कीबोर्ड आणि संगणक आले होते. साठ-सत्तर जण एकत्र बसून एका दमात गाणे उचलत ते दिवस गेले होते. आता एकेकाला बोलावून त्याचा तुकडा वेगळा घेत. वादक स्टुडिओबाहेरच्या कट्ट्यावर चहा पीत बसलेले असत आणि जुने टेक आठवत. त्यांच्यात गोव्याचे पुष्कळ होते. चर्चच्या शाळेत मेस्त्रीच्या, म्हणजे संगीतमास्तराच्या, छडीखाली सोल्फेजिओ (लिहिलेले स्वर नावे घेत गाणे) शिकलेली, कागद दिसला की वाजवणारी माणसे. त्यांच्या बोलण्यात अँथनी गोन्सालविस हे नाव यायचे ते सिनेमातल्या गाण्यामुळे नव्हे. माजोर्ड्याचा हा व्हायोलिनवादक प्यारेलाल यांचा गुरू. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त शिष्याने गुरूचे नाव गाण्यात घातले, म्हणून देशभर ते नाव लोकांच्या तोंडी बसले, मात्र माणूस अंधारातच राहिला. त्यांनी १९५८ साली मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना, सिनेमातले वादक, आणि गायला लता मंगेशकर व मन्ना डे. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात तो कार्यक्रम झाला. दिवसभर दुसऱ्यांच्या चाली वाजवणारी माणसे आपल्यातल्याच एकाची पाने वाजवायला जमली होती, हे त्यात मला सर्वांत मोठे वाटते. १९६५ साली ते अमेरिकेला सिराक्यूज विद्यापीठात गेले, मग माजोर्ड्याला परतले आणि सिनेमाकडे पुन्हा फिरकले नाहीत. २०१२मध्ये गेले.

या कट्ट्यावरच मला कार्यशाळेची खबर लागली. मुंबईतल्या एका छोट्या वाद्यवृंदाने नव्या रचनाकारांकडून पाने मागवली होती. निवडलेल्यांची रचना तंतुवाद्यांकडून वाजवून घेणार, सोबत एक ज्येष्ठ वादक मार्गदर्शनाला देणार. बक्षीस नव्हते, प्रमाणपत्रही बहुधा नव्हते. मी आईची ओवी घेऊन गेलो. आमच्या भागात जात्यावर गातात ती चाल, जिच्यात गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही; खालून उचलत उचलत मध्येच कुठेतरी विसावतो आणि परत घसरतो. आई ते न कळता गाते. व्हायोलिनच्या कागदावर मी तिथे दोन स्वर लिहून मध्ये तिरपी रेघ ओढली होती.

माझ्या वाट्याला एक चेलोवादक आले. सत्तरीच्या आसपास, पांढरा बुशशर्ट, खिशात चष्म्याची डबी. त्यांना सगळे अंकल म्हणत, मीही म्हणू लागलो. पहिल्या वाचनाला आठ व्हायोलिनांनी ती रेघ आठ वेगवेगळ्या वेळी ओलांडली. कुणी लगेच घसरले, कुणी शेवटच्या क्षणी, कुणी दुसऱ्या तारेवर जाऊन नेमका शुद्ध गंधार पकडला. मिळून जे आले ते ओवीसारखे नव्हते आणि दुसऱ्या कशासारखेही नव्हते. अंकलनी हात वर करून सगळ्यांना थांबवले, माझ्या शेजारी येऊन खुर्ची ओढली.

‘‘बाबा, तू रेघ मारली. बोट नाही सांगितलं.’’

मला कळले नाही. मग त्यांनी चेलोवर करून दाखवले. एकाच तारेवर, एकाच बोटाने, बोट न उचलता वर जायचे आणि खाली यायचे. तार बदलली की मींड मेली. बोट बदलले की तिचे दोन तुकडे झाले. पानावर फक्त तार आणि बोट लिही, म्हणाले. किती वर जायचे ते कागद सांगू शकत नाही. ते तू गाऊन सांग. ‘‘तू गा ना. आम्ही सगळे ऐकतो.’’

कार्यशाळा एका शाळेच्या हॉलमध्ये भरली होती; तिथे, आयुष्यात कधी जात्याशी संबंध न आलेल्या माणसांसमोर, मी, आईची ओवी गायलो. माझा आवाज बेताचा आहे. पहिल्या व्हायोलिनवर बसलेल्या बाईंनी डोळे मिटून ती दोनदा ऐकली आणि पेन्सिलीने पानावर दुसरे बोट, तिसरी तार असे लिहिले. मागच्यांनी त्यांचे बघून लिहिले. पुढच्या वेळी आठही बोटे एकदम निघाली. गंधार अजूनही आठ ठिकाणी पोहोचत होता, पण आता ती फारकत केसाएवढी होती, आणि त्या केसाएवढ्या फरकातच ते जाते घरघरल्यासारखे झाले. आठ बाया दळत असाव्यात तसे. एकट्या वाद्यावर ते कधीच आले नसते.

आपल्या संगीताचे आणि वाद्यवृंदाचे मोठे कोडे नेमके इथे आहे, आणि त्यावर लिहिणारे बहुतेक लोक स्वरसंवाद आणि राग यांच्या भांडणात अडकून पडतात. भांडण तिथे कमी आहे. एकटा गाणारा क्षणोक्षणी ठरवतो ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे कसे, हा खरा प्रश्न. लक्ष्मीकांत गाऊन दाखवायचे आणि प्यारेलाल ते कागदावर उतरवायचे, या जोडीत त्याचे एक उत्तर होते. अंकलचे ‘बोट सांग’ हे दुसरे. मी दोन्ही वापरतो.

अंकलकडे नंतर मी बरीच वर्षे जात राहिलो. चेलो कुठे ओरडतो, कुठे नुसता श्वास टाकतो, सलग बो किती लांब पुरतो, वरच्या तारेवर त्याला उभे केले की तो माणसासारखा का बोलतो, हे सगळे त्यांनी वाजवून सांगितले, व्याख्यान कधी दिले नाही. फी विचारली तेव्हा म्हणाले, मासे आण. शाकाहारी घरातला मी, माहीमच्या बाजारात जाऊन सुरमई निवडायला शिकलो.

लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने २००५पासून पोलंडचे संगीतकार पानुफ्निक यांच्या नावाने नव्या रचनाकारांसाठी त्या कार्यशाळेसारखीच एक योजना चालवली आहे. दर वर्षी सहाजणांची निवड. प्रत्येकाने तीनच मिनिटांची रचना लिहायची, कॉलिन मॅथ्यूजसारखे जाणते संगीतकार वर्षभर पाठीशी असतात, आणि शेवटी संपूर्ण वाद्यवृंद ती वाजवून बघतो. तीन मिनिटे! एवढ्यासाठी शंभर माणसे बसवायची हे आपल्या कुठल्याही समितीला उधळपट्टी वाटेल. मला त्यात कमालीचा व्यवहार दिसतो. कागदावरून निकाल देणाऱ्या स्पर्धांचा मी परीक्षक राहिलो आहे. त्यांतून कुणी संगीतकार झाल्याचे मला आठवत नाही. आपल्याकडे एनसीपीएने २००६ साली खुश्रू सनटूक आणि कझाख व्हायोलिनवादक मारत बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकाराने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. उस्ताद झाकीर हुसेन यांचा तबल्याचा कॉन्चेर्टो ‘पेशकार’ २०१५मध्ये या वाद्यवृंदानेच त्यांच्याकडून लिहवून घेतला. उस्तादांना कुणीही वादक दिले असते. बुलढाणा जिल्ह्यातल्या शिंप्याच्या पोराला कोण देणार, हा प्रश्न तिथेच राहतो.

२०१६च्या उन्हाळ्यात गावी होतो. ‘सैराट’ची गाणी प्रत्येक वरातीत, प्रत्येक ट्रॅक्टरवर. अजय-अतुल यांनी त्यातला वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ६६ वादकांकडून वाजवून घेतला होता, हे गावात एकालाही ठाऊक नव्हते आणि त्याने काही बिघडत नव्हते. मास्तर तेव्हा थकले होते, पार्टी त्यांचा मुलगा चालवत होता. मास्तरांनी मला बोलावून घेतले आणि मोबाइलवर एक तुकडा पुन्हा पुन्हा लावायला लावला, शिंगे एकदम उठतात तो. ‘‘हे किती जण असतील?’’ मी शिंगे वाजवणारे साधारण किती असतील ते सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग मुलाला हाक मारून म्हणाले, दोन ट्रम्पेटवर हे कसं निघन ते बघा. दुसऱ्या दिवशी निघाले. वरची ओळ ट्रम्पेटवर, मधली क्लॅरिनेटवर, खालची युफोनियमवर, आणि जे उरले ते झांजेने झाकून टाकले. लॉस एंजेलिसच्या त्या पानांवर प्रेम करायचे असेल तर असे करावे.

मास्तर गेल्यावर वडिलांची वही मी चाळली. मास्तरांच्या नावासमोरची बाकी तशीच होती, वडिलांनी ती ना खोडली होती ना वसूल झाली म्हणून लिहिले होते. मी वडिलांना विचारले, तर म्हणाले, ‘‘राहू दे. खोडलं तर येणं-जाणं बंद होतं.’’

गेली काही वर्षे हिवाळ्यात, सराई सुरू होण्याआधी, मी आणि दोन मित्र जालन्याला एक मंगल कार्यालय घेतो. आसपासच्या पाच-सहा तालुक्यांतून रचना करणारी मुले येतात. बहुतेकांकडे लॅपटॉप असतो आणि त्यात व्हायोलिनांचा अख्खा ताफा. ती व्हायोलिने दमत नाहीत, श्वास घेत नाहीत, तीन दिवस एकच स्वर धरू शकतात. आणि मुले त्याप्रमाणे लिहितात. आम्ही त्यांचे लॅपटॉप पिशवीत ठेवायला सांगतो आणि समोर बँड पार्टीतली माणसे बसवतो. दुसरबीडची, देऊळगाव राजाची, मेहकरची. या माणसांना वरातीचा दर असतो तोच आम्ही देतो. सुरुवातीला एकजण म्हणाले, शिकणाऱ्या पोरांचे काय पैसे घ्यायचे? मी म्हटले, घ्यायचे. ज्याचे पैसे मिळाले त्याचीच चूक माणूस मोकळेपणी सांगतो. फुकटात वाजवणारा नुसता ‘छान छान’ म्हणून घरी जातो. पैसे जमवणे हा दर वर्षीचा घोर आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

मागच्या हिवाळ्यात देऊळगाव राजाकडची एक मुलगी आली होती. इंजिनिअरिंगला आहे. तिने बँडसाठी विलंबित लयीत, मारव्याच्या अंगाने, कोमल ऋषभावर लोंबकळत राहणारे काहीतरी लिहून आणले होते. लग्नाच्या बँडपुढे मारवा ठेवायचे धाडस मला तिच्या वयात झाले नसते. पाने वाटली गेली. क्लॅरिनेटवाले भाऊ, मास्तरांच्याच हाताखाली तयार झालेले, चष्मा नाकावर ओढून बराच वेळ वाचत बसले. त्यांच्या बोटांचा अंदाज मला दिसत होता, न फुंकता बोटे वाद्याच्या कळांवर फिरत होती. मग त्यांनी तिला विचारले, ‘‘ताई, हे कोनाच्या वरातीसाठी हाय?’’

‘‘कुणाच्याच नाही,’’ ती म्हणाली.

भाऊंनी ढोलवाल्याकडे वळून सांगितले, ‘‘मंग निवांत वाजवू. नवरदेवाले घाई नाही.’’